राहायला एका राज्यात, नोकरी दुसऱ्या राज्यात: अमेरिकेतली स्टेट टॅक्स रिटर्न कशी आणि कोणत्या क्रमाने भरायची

दर फेब्रुवारीत एक तरी फोन येतोच. "दादा, डब्ल्यू-२ वर माझा पगार दोनदा छापलाय. वर न्यूयॉर्क, खाली न्यू जर्सी. आता दोन्हीकडे पूर्ण पगारावर टॅक्स भरायचा का?" फोन करणारा बहुधा न्यू जर्सीतल्या एडिसन, इसेलिन किंवा जर्सी सिटीत राहणारा असतो आणि रोज सकाळच्या गाडीने न्यूयॉर्कमधलं मॅनहॅटन गाठत असतो. डब्ल्यू-२ म्हणजे एम्प्लॉयरने दिलेला वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला, आपल्या फॉर्म १६ सारखा. भारतात त्याने फॉर्म १६ वरून एकच रिटर्न भरलेलं असतं. राज्याला स्वतःचा आयकर असतो, हेच आपल्याला नवीन. महाराष्ट्रात राज्याच्या नावाने पगारातून कापला जातो तो व्यवसाय कर, वर्षाला जास्तीत जास्त अडीच हजार रुपये, आणि त्याचं रिटर्न नोकरदाराला भरावं लागत नाही. इथे मात्र बहुतेक राज्यं पगारावर आयकर घेतात आणि प्रत्येकाचा फॉर्म वेगळा.

पगारावर दोनदा टॅक्स भरावा लागत नाही. मात्र त्यासाठी रिटर्न योग्य क्रमाने भरावी लागतात. आधी फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं, मग जिथे काम केलं त्या राज्याचं नॉन-रेसिडेंट (तिथे न राहणाऱ्याचं) रिटर्न, आणि सगळ्यात शेवटी जिथे राहता त्या राज्याचं. हा क्रम चुकला की पुढचे सगळे आकडे चुकतात. मी सीपीए, म्हणजे इथला सीए, नाही. पण चौदा वर्षं नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये नोकरी केली, एकदा चुकीची किंमत मोजली आणि तेव्हापासून हे काम स्वतः करतो. खाली मुख्य उदाहरण न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कचं घेतलंय, कारण आपल्यातल्या फार मोठ्या संख्येला तेच लागू पडतं. इतर राज्यांचं ओघात येईल.

पायरी १: तुम्ही नक्की कोणत्या राज्याचे रहिवासी?

सगळं गणित या प्रश्नावर उभं आहे. तुमचं राज्य तुमच्या सगळ्या उत्पन्नावर कर लावतं, ते कुठेही मिळवलेलं असो. दुसरं राज्य फक्त त्याच्या हद्दीत मिळवलेल्या उत्पन्नावर लावतं.

रहिवासी ठरतो दोन मार्गांनी. पहिला डोमिसाइलचा, म्हणजे तुमचं कायमचं घर जिथे, परतायचं तर जिथे परताल ते राज्य. डोमिसाइल एका वेळी एकच असतं, आणि नवीन ठिकाणी खरोखर बस्तान बसवेपर्यंत जुनं सुटत नाही. दुसरा दिवसांचा. न्यूयॉर्कमध्ये कायम वापरता येईल अशी राहती जागा असेल आणि वर्षातले १८३ पेक्षा जास्त दिवस तिथे घालवले, तर डोमिसाइल न्यू जर्सीत असूनही न्यूयॉर्क तुम्हाला रहिवासी धरू शकतं. दिवसाचा थोडासा भाग तिथे गेला तरी तो पूर्ण दिवस मोजतात. विमान पकडायला नुसतं त्या राज्यातून जाणं यात येत नाही. ट्रेनने रोज जाणाऱ्याचे १८३ दिवस सहज भरतात, पण तिथे राहती जागा नसेल तर काळजी नाही. भावाबरोबर क्वीन्समध्ये भाड्याने खोली घेऊन ठेवली असेल आणि कुटुंब एडिसनमध्ये असेल, तर मात्र थांबून विचार करा.

डोमिसाइलचा वाद झाला तर न्यूयॉर्कचे तपासनीस पाच गोष्टी बघतात: घर, व्यवसायातला सहभाग, कुठे किती वेळ, कुटुंब कुठे, आणि जिवाभावाच्या वस्तू कुठे ठेवल्यात. देव्हारा, आजीचे दागिने, लग्नाचे अल्बम ज्या घरात आहेत ते घर तुमचं, हे त्यांनाही पटतं.

इथे एक गल्लत नेहमी होते. फेडरल कायद्यातला "नॉन-रेसिडेंट" आणि राज्याचा "नॉन-रेसिडेंट" यांचा एकमेकांशी संबंध नाही. एफ-१ व्हिसावरचा विद्यार्थी फेडरलसाठी नॉन-रेसिडेंट म्हणून १०४०-एनआर हा फॉर्म भरत असेल आणि तरी आपल्या राज्याचा रेसिडेंट असू शकतो. शिवाय भारत-अमेरिका कर करारातल्या सवलती सगळीच राज्यं मानत नाहीत. कॅलिफोर्निया मानत नाही.

पायरी २: दोन राज्यांत करार आहे का ते बघा

काही शेजारी राज्यांनी आपसात ठरवलंय की पगारावर कर फक्त राहत्या राज्याने घ्यायचा. याला रेसिप्रोसिटी म्हणतात, आणि ती असेल तर तुमचं निम्मं काम वाचतं. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात असा करार आहे. व्हर्जिनिया, मेरीलँड आणि वॉशिंग्टन डीसी यांच्यातही तसंच आहे, म्हणून व्हर्जिनियातल्या ॲशबर्नमध्ये राहून डीसीत नोकरी करणाऱ्याला एकच स्टेट रिटर्न पुरतं. इलिनॉयचा करार आयोवा, केंटकी, मिशिगन आणि विस्कॉन्सिनशी आहे. शेजारच्या इंडियानाशी नाही, आणि तिथेच लोक फसतात. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क यांच्यातही करार नाही.

करार आपोआप लागू होत नाही. एम्प्लॉयरला फॉर्म द्यावा लागतो. न्यू जर्सीत राहून पेनसिल्व्हेनियात काम करत असाल तर आरईव्ही-४१९, उलट असेल तर एनजे-१६५. फॉर्म द्यायचा राहिला आणि पेनसिल्व्हेनियाचा टॅक्स कापला गेला, तर त्याचं क्रेडिट, म्हणजे एका राज्याला दिलेल्या टॅक्सबद्दल दुसऱ्या राज्याच्या टॅक्समध्ये मिळणारी सूट, न्यू जर्सीकडे मागता येत नाही. पेनसिल्व्हेनियात पीए-४० हे तिथलं रिटर्न भरून पैसे परत मागायचे आणि न्यू जर्सीला तिचा पूर्ण टॅक्स द्यायचा. हा नियम सगळीकडे लक्षात ठेवा: क्रेडिट खऱ्या देय टॅक्सचं मिळतं, चुकून कापलेल्याचं नाही. चुकून कापलेला पैसा ज्याने कापला त्याच राज्याकडून परत येतो.

फिलाडेल्फियात काम करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. शहराचा वेज टॅक्स, म्हणजे पगारावरचा कर, या करारात येत नाही. बाहेरून येणाऱ्यांनाही तो साडेतीन टक्क्यांच्या आसपास बसतो. त्याचं क्रेडिट मात्र न्यू जर्सी देते, ते सोडू नका.

पायरी ३: दिवसांची वही

हे काम जानेवारीत नाही, वर्षभर करायचं असतं. रोज कुठे बसून काम केलं, ऑफिसात, घरी, क्लायंटकडे की सुट्टी, हे फोनच्या कॅलेंडरमध्ये एका शब्दात लिहा. टोलच्या नोंदी, ट्रेनचे पास, विमानाची तिकिटं राहू द्या.

न्यूयॉर्कसाठी हिशेब असा. वर्षाचे ३६५ दिवस. त्यातून १०४ शनिवार-रविवार, १० सार्वजनिक सुट्ट्या, १५ रजा आणि ६ आजारपणाचे दिवस वजा केले तर कामाचे २३० उरतात. समजा कंपनीने तुम्हाला २३ दिवस शिकागोच्या क्लायंटकडे पाठवलं. मग न्यूयॉर्कचे २०७, म्हणजे ९० टक्के. पगार १,२०,००० डॉलर असेल तर न्यूयॉर्कचं उत्पन्न १,०८,०००. हा हिशेब आयटी-२०३-बी या फॉर्मवर मांडायचा. शिकागोच्या २३ दिवसांवर इलिनॉय काही मागत नाही, कारण तिथे नॉन-रेसिडेंटला ३० पेक्षा जास्त कामाचे दिवस झाल्यावरच कर लागतो. प्रत्येक राज्य इतकं उदार नाही. न्यूयॉर्क स्वतः पहिल्या दिवसापासून कर लावतं.

आता घरून केलेल्या कामाचं. इथे जवळजवळ सगळ्यांना धक्का बसतो. आठवड्यातले दोन दिवस एडिसनच्या घरातून काम केलं, तर ते दिवस न्यू जर्सीचे असं कुणालाही वाटेल. न्यूयॉर्क तसं मानत नाही. त्यांचा नियम असा की बाहेरून केलेलं काम कंपनीच्या गरजेपोटी असेल तरच तो दिवस बाहेरचा, तुमच्या सोयीसाठी असेल तर तो न्यूयॉर्कचाच. याला "कन्व्हिनियन्स ऑफ द एम्प्लॉयर" नियम म्हणतात. कनेटिकटमध्ये राहणारे आणि मॅनहॅटनमध्ये कायदा शिकवणारे प्राध्यापक एडवर्ड झेलिन्स्की याविरुद्ध न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००३ मध्ये हरले. मला हा नियम अन्यायाचा वाटतो. जो माणूस त्या दिवशी राज्यात पाऊलही ठेवत नाही, त्याच्याकडून त्या राज्याने कर का घ्यावा? २०२३ मध्ये न्यू जर्सीनेही जशास तसा कायदा केला. पण रिटर्न भरताना कायदा आहे तसाच पाळावा लागतो.

आपल्यासाठी याचा एक खास अर्थ निघतो. आईच्या आजारपणात पुण्याला जाऊन तीन आठवडे लॅपटॉपवर काम केलं, तर न्यूयॉर्कच्या हिशेबात ते दिवस न्यूयॉर्कचेच. रजा घेतली असेल तर ती रजेत मोजा. पण "भारतात होतो" म्हणून ते दिवस वजा करू नका.

पायरी ४: डब्ल्यू-२ नीट वाचा

बॉक्स १५ मध्ये राज्य, १६ मध्ये त्या राज्याचा पगार, १७ मध्ये कापलेला टॅक्स. १८ ते २० स्थानिक करांसाठी. न्यूयॉर्कचा नियमच असा की एम्प्लॉयरने बॉक्स १६ मध्ये पूर्ण फेडरल पगार दाखवायचा, तुम्ही तिथे कितीही दिवस काम केलेलं असो. म्हणून तो दोनदा छापलेला दिसतो. त्यात चूक काही नाही, दोन आकड्यांची बेरीज करू नका. न्यू जर्सीचा आकडा फेडरलपेक्षा मोठा दिसला तरी घाबरू नका. आरोग्य विम्याचा पगारातून जाणारा हप्ता आणि एचएसए (आरोग्यखर्चासाठीचं बचत खातं) यांना न्यू जर्सी सूट देत नाही. पेनसिल्व्हेनिया तर ४०१(के) या निवृत्तीच्या खात्यात टाकलेल्या पैशांवरही कर लावतं.

न्यूयॉर्क शहराचा टॅक्स कापलाय का, तेही बघा. शहराचा आयकर शहरात राहणाऱ्यांनाच लागतो. बाहेरून येणाऱ्यांवरचा कर १९९९ मध्ये रद्द झाला. चुकून कापला असेल तर आयटी-२०३ वरच परत मागता येतो.

राज्य किंवा तारीख चुकीची असेल तर एम्प्लॉयरकडे दुरुस्त डब्ल्यू-२, म्हणजे डब्ल्यू-२सी मागा. कन्सल्टन्सीत काम करणाऱ्यांना हे वारंवार लागतं. प्रोजेक्ट जूनमध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला हलतो आणि पेरोल डिसेंबरपर्यंत न्यू जर्सीचाच टॅक्स कापत राहतो. एच-१बी व्हिसावर असाल तर हे आणखी महत्त्वाचं. कामाचं ठिकाण दुसऱ्या शहरात गेलं की साधारणपणे एम्प्लॉयरला एलसीए (कामगार खात्याकडचा अर्ज) आणि व्हिसाचं पिटिशन बदलावं लागतं, आणि पुढे व्हिसाच्या कामात डब्ल्यू-२ बघितले जातात. जिथे प्रत्यक्ष काम केलं तेच सगळीकडे दिसायला हवं.

पायरी ५: फेडरल रिटर्न पूर्ण करा, पण अजून पाठवू नका

राज्यांचे फॉर्म इथूनच आकडे उचलतात. राज्याचं करताना एखादी चूक सापडली तर मागे येऊन दुरुस्त करता यावी, म्हणून पाठवायची घाई नको.

पायरी ६: कामाच्या राज्याचं नॉन-रेसिडेंट रिटर्न

न्यूयॉर्कचा फॉर्म आयटी-२०३. यात दोन स्तंभ असतात: एकात फेडरल उत्पन्न, दुसऱ्यात न्यूयॉर्कचं. फेडरल स्तंभात पत्नीचा एडिसनमधला पगार, भारतातल्या एफडीचं व्याज, सगळं येतं. न्यूयॉर्कच्या स्तंभात फक्त १,०८,०००. मग टॅक्स आधी पूर्ण उत्पन्नावर काढतात आणि न्यूयॉर्कच्या वाट्याच्या प्रमाणात कमी करतात. म्हणजे एफडीच्या व्याजावर न्यूयॉर्क थेट कर घेत नाही, पण त्यामुळे दर थोडा वर सरकतो.

कॅलिफोर्नियाचा असा फॉर्म ५४०एनआर. तिकडून टेक्सासला गेलेल्यांनी एक लक्षात ठेवावं. कंपनीचे आरएसयू, म्हणजे मोबदल्यात मिळणारे शेअर, ऑस्टिनला गेल्यावर हातात आले, तरी ग्रँटपासून (देऊ केल्यापासून) व्हेस्टपर्यंतच्या (हक्काचे होईपर्यंतच्या) काळात जितके दिवस कॅलिफोर्नियात काम केलं तितका वाटा कॅलिफोर्निया मागतं. राज्य सोडलं म्हणून हा हिशेब मिटत नाही.

रिटर्न पूर्ण झालं की "एकूण टॅक्स" असलेली ओळ शोधा आणि आकडा लिहून ठेवा. कापलेला टॅक्स नाही, परतावा नाही. तुमचा खरा टॅक्स. पुढच्या पायरीत तोच लागतो.

पायरी ७: घरच्या राज्याचं रिटर्न आणि क्रेडिट

न्यू जर्सीत एनजे-१०४०, आणि त्याला जोडून शेड्यूल एनजे-सीओजे. यात जगभरचं सगळं उत्पन्न दाखवायचं, टॅक्स काढायचा आणि मग न्यूयॉर्कला दिलेल्याचं क्रेडिट घ्यायचं. क्रेडिटला मर्यादा आहे. न्यूयॉर्कचा खरा टॅक्स किंवा त्याच उत्पन्नावरचा न्यू जर्सीचा टॅक्स, दोन्हींतलं जे कमी ते.

आपलं उदाहरण पुढे नेऊ. समजा माणूस एकटा आहे, इतर उत्पन्न नाही, न्यू जर्सीचा टॅक्स ५,४०० आणि न्यूयॉर्कचा ५,७००. न्यू जर्सीच्या उत्पन्नापैकी ९० टक्के न्यूयॉर्कमध्ये करपात्र, म्हणून मर्यादा ४,८६०. क्रेडिट ४,८६० मिळेल, ५,७०० नाही. न्यू जर्सीला ५४० द्यायचे. हे ५४० शिकागोच्या त्या २३ दिवसांचे, ज्यावर दुसऱ्या कुणी कर घेतलेला नाही.

माझी चूक इथेच झाली होती. ज्यांच्याकडून रिटर्न करून घेतलं त्यांनी "दोन्हीकडे करपात्र उत्पन्न" या रकान्यात आमचं दोघांचं संपूर्ण उत्पन्न टाकलं. त्यात पत्नीचा न्यू जर्सीतला पगारही होता. क्रेडिट फुगलं, परतावा छान आला. दोन वर्षांनी नोटीस आली आणि फरक व्याजासह भरावा लागला. मी सही करण्याआधी तो एक रकाना वाचला असता तर कळलं असतं. सॉफ्टवेअरही हा आकडा कधीकधी चुकीचा उचलतं. तो आयटी-२०३ च्या न्यूयॉर्क स्तंभाशी जुळतो का, एवढं स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

क्रेडिट मागताना संकोच नको, ती राज्याची मेहेरबानी नाही. मेरीलँड राज्य आणि वाइन दांपत्य यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की मेरीलँडची काउंटी करावर क्रेडिट न देणारी पद्धत राज्यघटनेशी विसंगत आहे.

भाड्याने राहत असाल तर न्यू जर्सीत आणखी एक गोष्ट विसरू नका. वर्षभराच्या भाड्याचे १८ टक्के प्रॉपर्टी टॅक्स समजून वजावट घेता येते, किंवा त्याऐवजी ५० डॉलरचं क्रेडिट. न्यूयॉर्कचं क्रेडिट मोठं असेल तेव्हा कधीकधी ५० डॉलरच फायद्याचे ठरतात. दोन्ही करून बघा.

काही राज्यांत हा क्रम उलटा आहे. ॲरिझोना, ओरेगन किंवा व्हर्जिनियाचा रहिवासी कॅलिफोर्नियात कमावत असेल, तर क्रेडिट घरचं राज्य नाही, कॅलिफोर्निया देतं. तिथे घरचं रिटर्न आधी करायचं.

वर्षाच्या मध्ये राज्य बदललं असेल तर

मग दोन्ही राज्यांत तुम्ही पार्ट-इयर रेसिडेंट. न्यू जर्सीत एनजे-१०४० वरच राहिल्याच्या तारखा लिहायच्या, नॉर्थ कॅरोलायनात डी-४०० बरोबर शेड्यूल पीएन. पगाराची विभागणी राज्य सोडण्याआधीच्या शेवटच्या पे-स्टबवरून (पगारपत्रकावरून) करा, त्या तारखेपर्यंतचा पगार जुन्या राज्याचा, पुढचा नव्याचा. टेक्सास, फ्लोरिडा, वॉशिंग्टन, टेनेसी अशा नऊ राज्यांत पगारावर राज्याचा आयकर नाही, तिथल्या महिन्यांसाठी रिटर्न नाही. पण आधीच्या राज्याचं भरावंच लागतं.

नवरा डॅलसला प्रोजेक्टवर, बायको-मुलं न्यू जर्सीत, अशी घरं आपल्यात खूप आहेत. नुसता प्रोजेक्ट तिकडे असला आणि घर इकडेच असलं, तर तो डॅलसमध्ये असूनही न्यू जर्सीचा रहिवासी राहू शकतो आणि त्याच्या पगारावर न्यू जर्सीचा टॅक्स लागतो. टेक्सासला काही दिलं नाही, म्हणून क्रेडिटही नाही. तो खरोखर टेक्सासचा रहिवासी झाला असेल, तर फेडरल एकत्र भरूनही न्यू जर्सीत बायकोला वेगळं भरता येतं. या परिस्थितीत मात्र सीपीएला पैसे द्यावेत असं मी सांगेन.

भारतातलं उत्पन्न

एफडीचं व्याज, फ्लॅटचं भाडं, म्युच्युअल फंड हे सगळं राहत्या राज्याच्या रिटर्नवर येतं. भारतात करमुक्त असलेलं पीपीएफचं व्याजही इथे करपात्र धरलं जातं. भारतात कापलेल्या टीडीएसचं क्रेडिट फेडरलला फॉर्म १११६ वर मिळतं. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया परदेशी कराचं क्रेडिट देत नाहीत. त्या व्याजावर राज्याचा कर खरोखर दुसऱ्यांदा भरावा लागतो, आणि तो टाळायचा सरळ मार्ग नाही. आधी माहीत असलं की निदान पैसे बाजूला ठेवता येतात.

तारखा आणि कागद

बहुतेक राज्यांची मुदत १५ एप्रिल, व्हर्जिनियाची १ मे. मुदतवाढ रिटर्नला मिळते, पैसे भरायला नाही. न्यू जर्सीला ४०० डॉलरपेक्षा जास्त देणं निघणार असेल तर पुढच्या वर्षासाठी एप्रिल, जून, सप्टेंबर आणि जानेवारीत आगाऊ हप्ते भरा, नाहीतर त्यावर व्याज लागतं. सॉफ्टवेअर बहुधा प्रत्येक राज्यामागे वेगळे पैसे घेतं, तेही गृहीत धरा.

दिवसांची वही, डब्ल्यू-२ आणि दोन्ही राज्यांच्या रिटर्नच्या प्रती निदान चार वर्षं जपा. तपासणीची मुदत बहुतेक राज्यांत तीन वर्षं, कॅलिफोर्नियात चार. रिटर्न भरलंच नसेल तर ही मुदत सुरूच होत नाही. मागच्या एखाद्या वर्षी न्यूयॉर्कचं नॉन-रेसिडेंट रिटर्न राहून गेलं असेल, तर नोटिशीची वाट न बघता ते आता भरा, आणि त्यावरून न्यू जर्सीचं दुरुस्त रिटर्नही लगेच पाठवा. परताव्याचा दावा साधारण तीन वर्षांतच करता येतो, आणि उशीर झाला तर न्यूयॉर्कला पैसे द्यावे लागतात पण त्याचं क्रेडिट हातून जातं.